कोड आला म्हणून सेन्सर विकू नका! जुन्या मशीनचा इलेक्ट्रिक फॉल्ट शोधायची पद्धत



या आठवड्याच्या व्हिडिओत मल्टिमीटर हातात घेऊन जे दाखवलं, तेच इथे क्रमाने लिहून देतोय. सेव्ह करून ठेवा, मशीनजवळ उभं असताना कामाला येईल.

आधी माझी चूक सांगतो. दुकान टाकून दुसरं वर्ष होतं. मे महिना, शेततळ्यांची कामं जोरात. एका तरुण ग्राहकाने जुनं बॅकहो लोडर हप्त्यावर घेतलेलं. चालता चालता मशीन मधेच दम टाकायचं. स्कॅनरवर रेल प्रेशर सेन्सरचा कोड. मी काउंटरवरूनच सांगून टाकलं, "सेन्सर गेलाय, बदलून घे." दोन दिवसांनी तो परत आला, तीच तक्रार. मी म्हटलं, "पीस खराब निघाला असेल," आणि दुसरा दिला. तिसऱ्यांदा तो माझ्याकडे आलाच नाही. दुसऱ्या इलेक्ट्रिशियनने दोष शोधला: ब्रॅकेटवर घासून वायरचं कव्हर गेलं होतं आणि हादरा बसला की तांबं बॉडीला टेकत होतं. खर्च किती? वायरचा तुकडा, स्लीव्ह आणि मजुरी. पण पोराचे आठ दिवस बुडाले, हातातलं काम दुसऱ्या मशीनला गेलं. हप्ता काही थांबला नाही.

म्हणून आजचा धडा एकच: कोड पत्ता सांगतो, चोर सांगत नाही.

हे शिकायची गरज आत्ताच का?

चाकांच्या बांधकाम मशीनना एप्रिल २०२१ पासून सीईव्ही स्टेज फोरचे प्रदूषण नियम लागू झाले. त्यानंतरच्या इंजिनांत कॉमन रेल, ईसीएम आणि सेन्सर भरपूर वाढले. ती मशीन आता जुन्या बाजारात येताहेत. आपल्या जिल्ह्यात समृद्धी महामार्गासारखी रस्त्याची कामं झाली, शेततळी तर दरवर्षी खोदली जातात. मशीन आहेत, मालक आहेत. पाना चालवणारे हातही आहेत. पण मीटर लावून दोष सिद्ध करणारा माणूस कमी सापडतो. तुमच्या धंद्याची जागा तिथे आहे.

पायरी १: सगळे कोड लिहून घ्या

कोड पुसायची घाई करू नका. बऱ्याच मशीनवर कोडचे दोन आकडे दिसतात. एसपीएन म्हणजे कोणता भाग आणि एफएमआय म्हणजे कसला बिघाड. उदाहरणार्थ, एसपीएन १०० ऑइल प्रेशर, ११० कूलंटचं तापमान, १५७ रेल प्रेशर. एफएमआय ३ म्हणजे व्होल्टेज जास्त, ४ म्हणजे कमी, ५ म्हणजे करंट कमी किंवा सर्किट तुटलेलं. दोन-तीन सेन्सरचे कोड एकदम आले, तर सगळे सेन्सर एकाच दिवशी मेले असं समजू नका. त्यांच्यात सामाईक काय आहे ते शोधा. माझ्या त्या ग्राहकाच्या मशीनवर दोन कोड होते. मी एकच वाचला होता.

पायरी २: बॅटरी आणि अर्थिंग

१२ व्होल्टची चांगली चार्ज बॅटरी बंद मशीनवर साधारण १२.६ दाखवते. इंजिन चालू असताना १४ च्या आसपास हवं. मोठ्या एक्स्कॅव्हेटरवर सहसा २४ व्होल्टची सिस्टीम असते, तिथे हे आकडे दुप्पट धरा. मग स्टार्टर मारत असताना बॅटरीच्या निगेटिव्ह टर्मिनलपासून इंजिन ब्लॉकपर्यंत मीटर लावा. अर्धा व्होल्टपेक्षा जास्त आला, तर अर्थिंगची केबल किंवा तिचा बोल्ट गंजलेला आहे. जुन्या मशीनमध्ये ही चोरी नेहमीची.

पायरी ३: सेन्सरच्या तीन वायरी

प्रेशर सेन्सरला बहुधा तीन वायरी असतात: ५ व्होल्ट सप्लाय, ग्राउंड आणि सिग्नल. चावी बंद करून कनेक्टर काढा, मग चावी चालू करून वायरिंगच्या बाजूला मोजा. ५ व्होल्ट येतात का? ग्राउंड पक्कं आहे का? सप्लाय आणि ग्राउंड, दोन्ही मिळाल्याशिवाय सेन्सरवर आळ घ्यायचा नाही.

५ व्होल्ट पडलेले असतील, तर त्याच लाइनवरचे बाकीचे सेन्सर एकेक करून काढा, दरवेळी चावी बंद करून. एखादा काढल्यावर व्होल्टेज परत आलं, तर तो सेन्सर शॉर्ट. सगळे काढूनही आलं नाही, तर संशय वायरिंगवर, आणि ईसीएमवर सगळ्यात शेवटी.

कूलंटचा सेन्सर दोन वायरींचा असेल तर ओहम मोजा. इंजिन गरम होत जाईल तसा आकडा उतरला पाहिजे.

पायरी ४: हलवून बघा

मीटर लावलेला ठेवून वायरिंग हळूहळू हलवा. जिथे आकडा उडी मारतो, तिथे दोष. ब्रॅकेटचे कोपरे, सायलेन्सरजवळचा भाग, पाण्याच्या प्रेशरने धुतलेले कनेक्टर, आणि शेतात उभ्या मशीनमध्ये उंदरांनी कुरतडलेल्या वायरी, हे आधी तपासा. वायरीला सुई टोचू नका; त्या भोकातून पुढे पाणी शिरतं.

दोन सक्त सूचना: इंजिन चालू असताना रेलचा पाइप कधीही सैल करू नका. तिथे डिझेलचं प्रेशर हजार बारच्याही वर जातं, बारीक धार थेट कातडीत घुसते. आणि बकेटला वेल्डिंग करायचं असेल तर आधी बॅटरी आणि ईसीएम सुटे करा.

आता धंद्याचं गणित

तपासणीचे पैसे वेगळे घ्या आणि आधीच सांगा. ग्राहकाला वाटेल, "नुसतं बघायचे पैसे?" त्याला मीटरचा आकडा दाखवा, कागदावर लिहून द्या. फुकट तपासणी करणारा दुकानदार शेवटी पार्ट विकूनच पैसे काढतो. मीही तेच करत होतो. आता माझा नियम आहे: दोष मीटरवर दिसल्याशिवाय सेन्सरचा बॉक्स फोडायचा नाही.

त्या ग्राहकाला मी पुढे दोन्ही सेन्सरचे पैसे नेऊन दिले. त्याने घेतले, चहाही पाजला. पण दुकानात तो परत आला नाही. पैसे परत करता येतात, त्याचा गेलेला सीझन कुठून आणून देणार?

गृहपाठ: या आठवड्यात कोणत्याही एका चालू मशीनवर पायरी २ करून आकडे वहीत लिहा. चांगल्या मशीनचे आकडे माहीत असले, तरच बिघडलेलं ओळखू येतं.

भेटू पुढच्या व्हिडिओत.