लोकरीच्या चरख्याची चात सुधारा

महाराष्ट्राच्या अवर्षणप्रवण भागात, विशेषतः सोलापूर, सांगली, सातारा, पुणे आणि अहिल्यानगर या जिल्ह्यांत दख्खनी मेंढी पाळली जाते. ही मेंढी मुख्यतः मांसासाठी पाळतात. तिची लोकर जाडीभरडी व केसाळ असून उत्पन्नही थोडेच मिळते. कच्च्या लोकरीला मिळणाऱ्या भावातून पुष्कळदा कातरणीची मजुरीसुद्धा सुटत नाही, म्हणून अनेक मेंढपाळ ती रानातच टाकून देतात. मात्र याच लोकरीचे सूत कातून घोंगडी किंवा जेन विणले तर तिचे मोल वाढते. हे मोल किती वाढेल, ते सुतावर अवलंबून असते. सूत कुठे जाड, कुठे बारीक आणि कुठे कच्च्या पिळाचे असेल, तर मागावर ताणा तुटत राहतो आणि विणकर ते सूत नाकारतो.

सूत खराब निघाले की आपण कातणाऱ्या बाईच्या हाताला दोष देतो किंवा नवे यंत्र घेण्याचा विचार करतो. वास्तविक बहुतेक जुन्या चरख्यांमध्ये दोष असतो तो चातीत आणि तिच्या आधारात. हा एकच भाग नीट केला तर तोच चरखा एकसारखे सूत देऊ लागतो. हे काम गावातील सुतार व जवळचा लेथवाला यांच्या मदतीने करता येते.

चातीचे काम काय?

चरख्याचे मोठे चाक फिरले की माळेमुळे म्हणजे दोरीमुळे चातीवरील गिरकी फिरते. गिरकी म्हणजे चातीवर बसविलेली खाचेची लहान कप्पी. चात ज्या दोन ठिकाणी टेकते, तेथे जुन्या पद्धतीप्रमाणे चामड्याचे भोकाचे तुकडे असतात. त्यांना चामरखे म्हणतात. चात फिरताना सूत तिच्या टोकावरून दर फेऱ्याला एकदा निसटते व सुताला एक पीळ बसतो. म्हणजे चातीचा एक फेरा म्हणजे सुताचा एक पीळ. चात अडखळली, थरथरली किंवा माळ घसरली, तर तेवढ्या जागी पीळ कमी पडतो. लोकरीचे तंतू केवळ पिळामुळे एकमेकांना धरून राहतात. त्यामुळे पीळ कमी पडलेल्या जागीच सूत तुटते.

दोष कसा ओळखावा?

दुरुस्तीला हात घालण्यापूर्वी पुढील चार तपासण्या कराव्यात.

1) ढिलाई : माळ काढून चातीचे टोक बोटाने वर-खाली हलवून पाहावे. चामड्याचे भोक झिजून लांबट झाले असेल तर टोक हलते. दोन आधारांमध्ये 10 सें.मी. अंतर असेल आणि टोक पुढच्या आधारापासून 15 सें.मी. बाहेर असेल, तर पुढच्या भोकातील 1 मि.मी. ढिलाईमुळे टोक अडीच मि.मी. हलते. आधाराजवळ किरकोळ वाटणारी झीज सुतापाशी अशी मोठी होते.

2) वाक : टोकाजवळ एक काडी स्थिर धरावी व चात हाताने सावकाश फिरवावी. काडी व चात यांमधील फट एका बाजूला कमी आणि दुसऱ्या बाजूला जास्त दिसली तर चात वाकलेली आहे असे समजावे. ती लाकडी ठोकळ्यावर ठेवून फुगीर बाजूवर लाकडी मोगरीने हलके ठोके द्यावेत. लोखंडी हातोडा वापरू नये. त्याने खोचे पडतात व त्यात लोकर अडकते.

3) माळेची घसरण : गिरकीवर खडूची खूण करावी. मोठे चाक बरोबर एक फेरा सावकाश फिरवून चातीचे फेरे मोजावेत. खाली दिलेल्या हिशेबापेक्षा फेरे बरेच कमी भरले तर माळ घसरते आहे.

4) माळेची गाठ : गिरकीवरून गाठ जाताना दर वेळी चातीला धक्का बसतो. 2 ते 3 मि.मी. जाडीची सुती दोरी घेऊन तिची टोके एकमेकांवर ठेवून सुई-दोऱ्याने शिवावीत. गाठ मारू नये. माळेला थोडी राळ चोळल्यास पकड वाढते.

या तपासणीत फक्त वाक किंवा गाठ आढळली तर तेवढेच दुरुस्त करावे. चामरखेही चांगले असतील तर बदलू नयेत. त्यांना आठवड्यातून एकदा एरंडेल लावले तरी पुरे. भोके झिजली असतील तर मात्र पुढीलप्रमाणे बेअरिंगची चात बसवावी.

बेअरिंगची चात कशी बसवावी?

यासाठी 608 क्रमांकाची दोन बेअरिंगे घ्यावीत. या बेअरिंगचे भोक 8 मि.मी., बाहेरचा व्यास 22 मि.मी. आणि जाडी 7 मि.मी. असते. बेअरिंगच्या दुकानात हा क्रमांक सहज मिळतो. लोकरीचे तंतू, धूळ आणि मेणचट अंश आत जाऊ नयेत म्हणून दोन्ही बाजू बंद असलेले बेअरिंगच घ्यावे. पत्र्याच्या झाकणाचे बेअरिंग रबरी झाकणाच्या बेअरिंगपेक्षा हलके फिरते, म्हणून हाताच्या चरख्याला ते अधिक चांगले.

चातीसाठी 8 मि.मी. जाडीची, सुमारे 30 सें.मी. लांबीची सरळ व गुळगुळीत सळई लेथवाल्याकडून घ्यावी. सूत कातण्याच्या बाजूला ती टोकाकडे निमुळती करून घ्यावी. टोक टोचेल इतके अणकुचीदार नको. ते गोलसर व चकचकीत घासलेले असावे.

आधारासाठी साग किंवा बाभळीच्या वाळलेल्या लाकडाचे 25 मि.मी. जाडीचे दोन ठोकळे घ्यावेत. ओले लाकूड नंतर आकसते व बेअरिंग आवळले जाते. पुढील क्रम पाळावा :

अ) दोन्ही ठोकळे एकमेकांवर ठेवून शिकंजात घट्ट आवळावेत आणि 3 मि.मी. चे भोक दोहोंतून एकदमच आरपार पाडावे. ही पायरी सर्वांत महत्त्वाची आहे. भोके वेगवेगळी पाडली तर ती एका रेषेत येत नाहीत, चात आवळते आणि नवे बेअरिंग असूनही चरखा जड चालतो.

आ) ठोकळे सुटे करून त्याच भोकाच्या मध्याने प्रत्येकात 22 मि.मी. व्यासाची, 7 मि.मी. खोल बैठक करावी.

इ) मधले भोक 14 मि.मी. पर्यंत मोठे करावे. त्यामुळे बेअरिंगची फक्त बाहेरची कडी लाकडाला टेकेल आणि आतली कडी मोकळी फिरेल.

ई) बेअरिंग बैठकीत दाबून बसवावे. दाब फक्त बाहेरच्या कडीवर द्यावा. आतल्या कडीवर ठोकल्यास गोळ्यांच्या वाटेवर खड्डे पडतात व बेअरिंग खरखरते.

उ) चात मागे-पुढे सरकू नये म्हणून एकाच बेअरिंगच्या दोन्ही बाजूंना तिच्यावर कड्या बसवाव्यात. दुसऱ्या बेअरिंगमध्ये चात मोकळी राहू द्यावी. दोन्हीकडे आवळल्यास चात अडकते.

ऊ) गिरकी दोन आधारांच्या मध्ये, मोठ्या चाकाच्या खाचेच्या अगदी समोर येईल अशी बसवावी. माळ तिरपी पळाली तर ती उतरते आणि लवकर झिजते.

बंद बेअरिंगला तेल देऊ नये. दिलेले तेल बाहेर झिरपून सुतावर डाग पडतात. चातीवर गुंडाळलेली लोकर मात्र रोज काढून टाकावी.

गिरकी किती मोठी असावी?

गिरकी लहान असेल तितकी चात वेगाने फिरते. पण वेगवान चात नेहमीच चांगली असे नाही. जाड्याभरड्या लोकरीला जास्त पीळ बसला की सूत कडक होते व त्याच्या गुंड्या पडतात. ताण्याचे सूत मागावर ताण सोसते, त्याला पीळ जास्त हवा. बाण्याच्या सुताला पीळ कमी असला तर घोंगडी मऊ व भरीव होते.

समजा चाकाचा व्यास 600 मि.मी. व माळेची जाडी 3 मि.मी. आहे. व्यास खाचेच्या तळाशी मोजावेत आणि दोन्ही व्यासांत माळेची जाडी मिळवावी. उदाहरणार्थ, 18 मि.मी. च्या गिरकीसाठी 603 ला 21 ने भागावे. चाकाच्या एका फेऱ्यात 20 सें.मी. सूत ओढले असे धरून खालील हिशेब केला आहे.

गिरकी 18 मि.मी. : चाकाच्या एका फेऱ्यात चातीचे 29 फेरे; 10 सें.मी. सुतात सुमारे 14 पीळ
गिरकी 24 मि.मी. : चातीचे 22 फेरे, 10 सें.मी. सुतात सुमारे 11 पीळ
गिरकी 30 मि.मी. : चातीचे 18 फेरे, 10 सें.मी. सुतात सुमारे 9 पीळ

एकाच लाकडी गिरकीवर 18 व 24 मि.मी. च्या दोन खाचा शेजारी शेजारी करून घ्याव्यात. लहान खाच ताण्यासाठी व मोठी खाच बाण्यासाठी वापरावी. खाच बदलली की माळ थोडी सैल किंवा घट्ट होते. त्यासाठी चातीचे ठोकळे ज्या फळीवर आहेत, ती फळी पाचरीने मागे-पुढे सरकविता येईल अशी सोय ठेवावी. खाच बदलल्यावर माळ पुन्हा चाकाच्या रेषेत आणावी. माळ घसरू नये इतकीच ताणावी. जास्त ताणलेली माळ कातणाऱ्याच्या खांद्याला भारी पडते.

आपल्या विणकराला कोणता पीळ हवा, हे त्याने पसंत केलेल्या सुतावरूनच ठरवावे. त्या सुताचा 10 सें.मी. तुकडा दोन्ही टोकांना धरून एक टोक उलट फिरवावे आणि तंतू सुटे होईपर्यंतचे फेरे मोजावेत. असे पाच तुकडे मोजून सरासरी काढावी व त्याप्रमाणे गिरकी निवडावी.

सुधारणा उपयोगी पडली का?

एका वेळी एकच बदल करावा आणि तो पडताळून पाहावा. एकाच मेंढीची, सारखी पिंजलेली लोकर घेऊन तिचे दोन समान भाग करावेत. एक भाग जुन्या चातीवर आणि दुसरा नव्या चातीवर, त्याच बाईने अर्धा अर्धा तास कातावा. सूत किती वेळा तुटले आणि किती मीटर निघाले, याची नोंद ठेवावी. नव्या चातीची सवय होण्यास दोन-तीन दिवस लागतात, म्हणून पहिल्या दिवसाच्या कामावरून निष्कर्ष काढू नये.

कातणाऱ्या बाईलाही विचारावे. 1929 साली अखिल भारत चरखा संघाने सुधारित चरख्यासाठी एक लाख रुपयांचे बक्षीस जाहीर केले होते. ती स्पर्धा कापसाच्या सुतासाठी होती. पण बाईला फारसे श्रम न होता आठ तास काम करता आले पाहिजे, अशी तिची एक अट होती. ही अट आजही योग्य आहे. सूत वाढले पण हात भरून येऊ लागले, तर ती सुधारणा म्हणता येणार नाही.

ध्यानात ठेवावयाच्या बाबी

* चात कितीही चांगली असली तरी कुसळे, काटे व गाठी असलेल्या लोकरीचे एकसारखे सूत निघत नाही. लोकर निवडून, धुऊन, पूर्ण वाळवून आणि नीट पिंजूनच कातावी.
* सूत ओढताना ते चातीशी काटकोनापेक्षा जास्त कोनात असावे, म्हणजे टोकावरून सहज निसटते. गुंडाळताना ते काटकोनात आणावे.
* चाक डगमगत असेल तर आधी त्याचा कणा व आरे घट्ट करावेत. डगमगत्या चाकावर नव्या चातीचा उपयोग होत नाही.
* चात दुरुस्त केल्याशिवाय चरख्याला मोटार लावू नये. वाकडी चात मोटारीवर अधिक वेगाने वाकडी फिरते. मोटार लावल्यास माळेवर झाकण बसवावे आणि पदर व वेणी फिरत्या भागापासून दूर ठेवावी.

शेतकरी व मेंढपाळ बंधू-भगिनींनो, येत्या कातरणीपूर्वी घरातील चरखा बाहेर काढून वरील चार तपासण्या अवश्य करा. ज्यांच्याकडे चरखे अधिक आहेत अशा वाड्यावस्त्यांवरील बचत गटांनी आधी एकच चरखा दुरुस्त करावा, त्यावर दोन आठवडे कातून पाहावे आणि गुण आल्यावरच बाकीच्यांना हात लावावा. सूत एकसारखे निघू लागले की विणकराशी भावाची बोलणी करताना तेच सूत पुढे ठेवता येईल.