कॅमेरा सापडत नाही! ग्रहणाच्या रात्री शिकलेला ड्रायव्हरचा धडा



७ सप्टेंबर २०२५ची रात्र आठवते का? आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी झाली होती आणि त्या रात्री खग्रास चंद्रग्रहण होतं. ९ वाजून ५७ मिनिटांनी चंद्र झाकायला सुरुवात, ११ वाजता खग्रास, आणि १२ वाजून २२ मिनिटांपर्यंत ती स्थिती. म्हणजे पूर्ण ८२ मिनिटं. आमच्या शाळेच्या पटांगणात चाळीसेक मुलं आणि त्यांचे पालक जमले होते. दुर्बिणीला एका वेळी एकच डोळा लागतो, आणि मुलं तर सगळी एकदम "मला, मला" करतात. म्हणून दुर्बिणीला छोटा यूएसबी कॅमेरा लावून चंद्र प्रोजेक्टरने भिंतीवर दाखवायचा, असं आम्ही ठरवलं होतं.

दहा वाजायला आले. सॉफ्टवेअर उघडलं आणि संदेश आला : कॅमेरा सापडला नाही.

मी केबल काढली, परत लावली. सॉफ्टवेअर काढून पुन्हा टाकलं. लॅपटॉप बंद करून चालू केला. मग केबलही बदलली. दुसरीतला एक मुलगा म्हणाला, "मॅडम, चंद्र वर दिसतोय की, तुमच्यातच का दिसत नाही?" वीस मिनिटं अशीच गेली.

खरं सांगू? वर्गात आपण मुलांना सांगतो, "पायऱ्या लिहा, एकदम उत्तराला उडी मारू नका." आणि मी स्वतः त्या रात्री एकाच वेळी चार गोष्टी बदलत होते. त्यामुळे नेमकं काय बिघडलंय ते कळायला मार्गच नव्हता. आजचा पाठ त्याच पायऱ्यांचा आहे.

ड्रायव्हर म्हणजे काय?

समजा वर्गात परप्रांतातून एक मूल आलं. त्याला मराठी येत नाही, तुम्हाला त्याची भाषा येत नाही. मधे दोन्ही भाषा जाणणारं एक मूल बसवलं की काम सुरू होतं. ड्रायव्हर म्हणजे हा मधला दुभाषा. कॅमेऱ्याचं बोलणं तो विंडोजला आणि विंडोजचं कॅमेऱ्याला सांगतो.

साध्या वेबकॅमला वेगळा ड्रायव्हर लागत नाही, कारण वेबकॅमची एक ठरलेली सामाईक भाषा आहे आणि ती विंडोजला आधीपासून येते. खगोल छायाचित्रणाच्या बहुतेक कॅमेऱ्यांची भाषा मात्र वेगळी असते. त्यांना कंपनीने दिलेला ड्रायव्हर टाकावाच लागतो.

माझी चूक इथेच झाली होती. आठवडाभर आधी मी सगळं माझ्या घरच्या लॅपटॉपवर तपासलं होतं. कार्यक्रमाच्या दिवशी प्रोजेक्टरसाठी शाळेचा लॅपटॉप घेतला. त्यावर सॉफ्टवेअर होतं, दुभाषा नव्हता!

पायरी १ : विंडोजला कॅमेरा दिसतो का?

आधी सॉफ्टवेअर बंद करा. स्टार्ट बटणावर राइट क्लिक करून डिव्हाइस मॅनेजर उघडा. ती यादी समोर ठेवून कॅमेऱ्याची केबल लावा आणि काय बदलतं ते बघा. तीनच शक्यता आहेत.

१. यादीत काहीच हललं नाही. मग दोष केबल, पोर्ट किंवा कॅमेऱ्यात शोधा. काही केबल फक्त चार्जिंगच्या असतात, त्यातून माहिती जातच नाही. हब काढा, कॅमेरा थेट लॅपटॉपला जोडा, दुसरा पोर्ट वापरून बघा.

२. नाव आलं, पण त्यावर उद्गारचिन्हाचा पिवळा त्रिकोण आहे. म्हणजे विंडोजला "कुणीतरी आलंय" एवढं कळलं, पण कोण ते कळलं नाही. ड्रायव्हर नाही किंवा चुकीचा आहे.

३. कॅमेऱ्याचं नाव नीट आलं, त्रिकोण नाही. मग ड्रायव्हर ठीक आहे. आता सॉफ्टवेअरकडे वळा.

माझ्याकडे दुसरी शक्यता निघाली. ही यादी बघायला अर्धं मिनिटही लागलं नाही, आणि मी त्याआधी वीस मिनिटं घालवली होती!

पायरी २ : ड्रायव्हर टाकणे

ड्रायव्हर कॅमेऱ्याच्या कंपनीच्या संकेतस्थळावरूनच घ्या. "सगळे ड्रायव्हर मोफत" म्हणणाऱ्या भलत्या ठिकाणांहून नको. कॅमेरा काढून ठेवा, ड्रायव्हर टाका, लॅपटॉप पुन्हा सुरू करा आणि मग कॅमेरा जोडा.

इथे शाळेतली एक खास अडचण सांगते. ड्रायव्हर टाकायला अ‍ॅडमिन पासवर्ड लागतो. तो आमच्या मुख्याध्यापक सरांकडे होता आणि सर घरी! फोन केला, त्यांनी सांगितला. एका पालकाने मोबाईलचं नेट दिलं. साडेदहानंतर एका बाजूने कुरतडलेला चंद्र भिंतीवर उमटला आणि पटांगणात टाळ्या पडल्या.

पायरी ३ : यादीत एकच कॅमेरा दोनदा का दिसतो?

शार्पकॅप, नीना, फायरकॅप्चर ही या छंदातली नेहमीची सॉफ्टवेअर. यातल्या काहींत तोच कॅमेरा दोन नावांनी दिसू शकतो. एक थेट ड्रायव्हरने आणि दुसरा अ‍ॅस्कॉमने. अ‍ॅस्कॉम ही दुर्बीण, कॅमेरा, फोकसर अशा वेगवेगळ्या उपकरणांसाठी ठरवलेली सामाईक पद्धत आहे. ती वापरायची तर आधी अ‍ॅस्कॉम प्लॅटफॉर्म आणि मग त्या कॅमेऱ्याचा अ‍ॅस्कॉम ड्रायव्हर, अशा दोन गोष्टी टाकाव्या लागतात. एकच टाकली तर काम अडतं. जुना ३२ बिटचा ड्रायव्हर ६४ बिटच्या सॉफ्टवेअरशी जुळत नाही, हेही तपासा.

चंद्र आणि ग्रहांसाठी सलग व्हिडिओ लागतो. तिथे थेट ड्रायव्हर निवडलेला बरा, तो वेगवान असतो.

आणखी एक सोपी युक्ती. शार्पकॅपमध्ये खोटा टेस्ट कॅमेरा असतो. तो चालला म्हणजे सॉफ्टवेअर ठीक आहे. मुलांना आधी सराव द्यायलाही तो छान.

पायरी ४ : कॅमेरा दुसऱ्याने तर धरला नाही ना?

साधारणपणे एक कॅमेरा एका वेळी एकच सॉफ्टवेअर वापरू शकतं. नीना उघडं असताना शार्पकॅपला कॅमेरा मिळणार नाही. कधी कधी सॉफ्टवेअर बंद केल्यासारखं दिसतं, पण मागे चालूच असतं. टास्क मॅनेजर उघडून खात्री करा. डीएसएलआर कॅमेरा असेल तर कंपनीचं स्वतःचं सॉफ्टवेअर आपोआप उघडून कॅमेरा अडवून बसलंय का, तेही बघा.

पायरी ५ : चित्र अडखळतंय? गणित करा

हा भाग पाचवी-सहावीच्या वर्गात गुणाकाराला जरूर घ्या. १९२० × १०८० म्हणजे एका चित्रात सुमारे २०.७ लाख बिंदू. प्रत्येकाला १ बाइट. सेकंदाला ३० चित्रं घेतली तर सुमारे ६.२ कोटी बाइट, म्हणजे ६२ मेगाबाइट दर सेकंदाला. यूएसबी २ची कागदावरची मर्यादाच ६० मेगाबाइट आहे, प्रत्यक्षात मिळतात त्याहून कमी. मग चित्रं गळणार, अडखळणार किंवा कॅमेरा मधेच तुटणार. तुम्ही मात्र ड्रायव्हरला दोष देत बसाल!

उपाय : यूएसबी ३चा पोर्ट आणि आखूड, चांगली केबल वापरा. ते नसेल तर चित्राचा आकार कमी करा. ६४० × ४८० घेतलं तर हेच गणित सेकंदाला ९.२ मेगाबाइटवर येतं. १६ बिटऐवजी ८ बिट निवडलं तरी भार निम्मा होतो. सेटिंगमध्ये यूएसबीचा वेग असेल तर तो थोडा उतरवून बघा.

दर काही मिनिटांनी कॅमेरा गायब होत असेल तर विंडोजच्या पॉवर सेटिंगमध्ये यूएसबी झोपवण्याची सोय बंद करा.

पायरी ६ : काळं चित्र म्हणजे ड्रायव्हरचा दोष नव्हे

आता त्या रात्रीची माझी दुसरी चूक. अकराच्या सुमारास भिंतीवरचा चंद्र हळूहळू काळा होत नाहीसाच झाला. मी म्हटलं, "गेला परत ड्रायव्हर!" आणि ड्रायव्हर काढून टाकायला निघाले. माऊस त्या बटणावर होता. तेवढ्यात चौथीतली एक मुलगी म्हणाली, "मॅडम, कॅमेरा नाही बिघडला. चंद्रच काळवंडलाय. वर बघा ना!"

मी वर पाहिलं. ती बरोबर होती. कॅमेऱ्याचं एक्सपोजर मी लख्ख पौर्णिमेच्या चंद्रासाठी ठेवलं होतं आणि खग्रास चंद्र त्यापेक्षा कितीतरी पटींनी मंद असतो. एक्सपोजर वाढवत नेलं, आणि भिंतीवर तांबूस चंद्र उगवला. त्या मुलीचं ऐकलं नसतं तर ८२ मिनिटांतली बरीचशी मी ड्रायव्हर टाकण्यात घालवली असती. पावणेबाराला ढग आले आणि कार्यक्रम संपला, पण तोवर सगळ्यांचं बघून झालं होतं.

म्हणून लक्षात ठेवा : सॉफ्टवेअरमध्ये चित्रांची संख्या वाढत असेल तर कॅमेरा बोलतोय. मग झाकण, फोकस आणि एक्सपोजर तपासा. संख्याच थांबली असेल तर मात्र केबल आणि ड्रायव्हर.

वर्गात कसं घ्याल?

"नळाला पाणी येत नाही" हा प्रश्न फळ्यावर लिहा. टाकी, व्हॉल्व्ह, पाइप, नळ अशा चार चिठ्ठ्या गटांना द्या. कुठून तपासायला सुरुवात कराल, आणि का? प्रत्येक गट कारणासह क्रम लावेल. नियम एकच : एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि काय झालं ते वहीत लिहायचं. मग केबल, ड्रायव्हर, सॉफ्टवेअर, सेटिंग या चिठ्ठ्या द्या. मुलं आपोआप जोडून घेतात.

कार्यक्रमाआधीची यादी

• ज्या लॅपटॉपवर कार्यक्रम, त्याच लॅपटॉपवर आदल्या रात्री तालीम.
• ड्रायव्हर आणि सॉफ्टवेअर पेन ड्राइव्हवर.
• अ‍ॅडमिन पासवर्ड कागदावर, आपल्याजवळ.
• जास्तीची एक केबल.
• विंडोजचे अपडेट आधीच उरकलेले.
• आणि एक मूल फक्त आकाशाकडे बघणारं!

शेवटचा मुद्दा गमतीचा वाटेल, पण आमच्याकडे आता ते काम दर वेळी वाटून दिलेलं असतं. तुमच्या शाळेत दुर्बीण असेल तर एकदा दिवसाउजेडी हा सराव करून बघा. सूर्याकडे मात्र चुकूनही वळवू नका. दूरचं झाड किंवा मोबाईलचा टॉवर पुरे.