घाटवाटेची सायकल : गिअर मोजू नका, दाते मोजा

पुणे जिल्ह्यातील भोर आणि वेल्हे या तालुक्यांत सपाट रस्ता शोधावाच लागतो. (वेल्हे तालुक्याला राजगड हे नाव देण्याचा निर्णय २०२४ साली झाला.) पाबे घाटाची चढण, भाटघर धरणाच्या काठचे मुरमाड रस्ते, राजगड-तोरण्याच्या पायथ्याच्या वाड्यांना जोडणाऱ्या गाडीवाटा, केळदहून मढे घाटाच्या माथ्याकडे जाणारी वाट, अशा ठिकाणी सायकल हाकायची हौस तेरा-चौदा वर्षांच्या मुलामुलींना असते. मग भाताच्या पैशांतून डोंगरी सायकल घ्यायचे ठरते. दुकानदार सांगतो, "एकवीस गिअर, पुढेमागे स्प्रिंगा, डिस्क ब्रेक!" यांपैकी चढावर नेमके काय कामाला येते, ते थोडे गणित करून पाहू या.

प्रथम घरची साधी काळी सायकल घ्या. पायडलजवळच्या मोठ्या चक्राचे दाते मोजा. समजा ४४ आहेत. मागच्या फ्रीव्हीलचे १८ आहेत. म्हणजे पायडलच्या एका फेऱ्यात मागचे चाक ४४ ÷ १८, सुमारे २.४४ वेळा फिरते. चाकाचा परीघ २.२ मीटर धरला, तर एका फेऱ्यात सायकल सुमारे ५.४ मीटर पुढे जाते. पाय मात्र किती हलतो? क्रँक १७ सेंटिमीटर लांब असेल, तर पायडल १.०७ मीटरच्या वर्तुळात फिरते. पाय एक मीटर फिरला की सायकल पाच मीटर जाते. म्हणजेच रस्त्यावर जेवढे बल हवे, त्याच्या पाचपट बल पायाने लावले पाहिजे. तरफेचा नियम हाच.

आता दहाला एक असा चढ घेऊ; दहा मीटर गेल्यावर एक मीटर उंची चढते. स्वार ५० किलोचा, सायकल २० किलोची, एकूण ७०. चढासाठी या भाराचा दहावा हिस्सा, म्हणजे ७ किलोभार बल लागते. मुरमाच्या रस्त्याचा विरोध आणखी २ धरा. झाले ९. पायडलवर त्याच्या पाचपट, ४५ किलोभार! तोही सरासरीने. पाय सरळ खाली दाबतो, आणि वर्तुळाच्या माथ्यावर व तळाशी तो दाब वाया जातो. म्हणून प्रत्यक्ष दाब सरासरीच्या सुमारे दीडपट, जवळजवळ ७० किलोभार, हवा. स्वाराचे वजनच ५० किलो! पायडलवर उभे राहूनही भागत नाही. हँडल ओढून दोन-चार फेरे मारता येतील, पण मग उतरून सायकल ढकलावीच लागते. यात मुलाच्या ताकदीचा काही दोष नाही.

डोंगरी सायकलीत पुढे २४, ३४ व ४२ दात्यांची तीन चक्रे आणि मागे १४ पासून २८ पर्यंत सात चक्रे अशी रचना पुष्कळदा आढळते. पुढे सर्वांत लहान, मागे सर्वांत मोठे घेतले, तर २४ ÷ २८ म्हणजे ०.८६. चाकाचा परीघ २.०७ मीटर धरला, तर एका फेऱ्यात सायकल फक्त १.७७ मीटर जाते. सायकल १५ किलोची असेल, तर त्याच चढाला सुमारे ८.५ किलोभार बल पुरते आणि पायाचा दाब २२ किलोभारावर येतो. बसून चढता येईल!

अर्थात गिअर काही फुकट देत नाही. पाय जेवढा हलका पडला, तेवढे फेरे वाढले. सेकंदाला एक फेरा मारला, तर वेग ताशी ६.४ किलोमीटर आणि शक्ती सुमारे १४५ वॅट लागते. याहून फार लहान गिअर घेतला, तर वेग इतका कमी होतो की तोल सांभाळणेच अवघड होते.

आता ते एकवीस गिअर. मागची चक्रे १४, १६, १८, २०, २२, २४, २८ अशी असतील, तर ४२ ÷ २८ हे १.५ आणि २४ ÷ १६ हेही १.५! गिअर दोन, काम एकच. ३४ ÷ २२ सुद्धा १.५५ म्हणजे जवळपास तेच. उलट पुढे एकच ३२ दात्यांचे आणि मागे थेट ४६ दात्यांपर्यंतची दहा चक्रे असलेली सायकल, चाक मोठे असूनही, एका फेऱ्यात सुमारे १.६ मीटर जाते. गिअर निम्म्याहून कमी, पण चढाला अधिक सोपी. आणि पुढे एकच ४२ चे, मागे २८ पर्यंतची सात चक्रे असतील, तर ३.१ मीटर, ती दिसायला डोंगरी, पण पाबे घाटात दमवील. म्हणून दुकानात बसून दाते मोजावेत. दुकानदार हसला तर हसू द्या.

चढ संपला की उतार येतो. १९७६ साली अमेरिकेतील कॅलिफोर्नियात काही हौशी तरुणांनी जुन्या, जाड टायरच्या सायकलींची एका डोंगर-उतारावर शर्यत सुरू केली. सुमारे ४०० मीटरचा तो उतार संपेपर्यंत मागच्या चाकाच्या तुंब्यातला ब्रेक इतका तापे की आतील ग्रीस जळून जाई आणि ते पुन्हा भरावे लागे. म्हणून त्या शर्यतीचे नाव 'रिपॅक' पडले. आजची डोंगरी सायकल याच खटाटोपातून जन्मली. ६५ किलोचा भार ३०० मीटर खाली आला, तर सुमारे १९१ किलोज्यूल स्थितिज ऊर्जा मोकळी होते; अर्धा लिटर पाणी ३० अंशांपासून उकळीपर्यंत नेऊन वर उरेल एवढी. थोडी हवा व रस्ता घेतात, बाकीची ब्रेकला पचवावी लागते. पावसाळ्यात ओल्या लोखंडी रिमवर रबर चक्क घसरते. डिस्क चिखलापासून दूर असल्याने आपल्या चार महिन्यांच्या पावसात तिचा उपयोग खरा. पैसे कमी असतील, तर अ‍ॅल्युमिनियमची रिम आणि चांगले रबरी ब्रेकही चालतील.

मागच्या स्प्रिंगेबद्दल माझे मत स्पष्ट आहे : स्वस्त सायकलीत ती नकोच. वजन वाढते, आणि चढावर प्रत्येक दाबाबरोबर सायकल खालीवर झुलून पायाची ऊर्जा खाते. खरी स्प्रिंग म्हणजे टायरमधील हवा. मागच्या चाकावर ४० किलोभार असेल आणि हवेचा दाब चौरस सेंटिमीटरला २ किलोभार असेल, तर टायर सुमारे २० चौरस सेंटिमीटर जागेवर टेकतो. दाब दुप्पट केला, तर १०. खाचराकडेच्या चिखलात पहिला बरा, डांबरावर दुसरा. मात्र हवा फारच कमी केली, तर काळ्या दगडाची धार ट्यूबला रिमशी चिमटते.

शेवटी माप. गणवेश घेताना 'वाढत्या अंगाचा' घेतात, तशी सायकल घेऊ नये. दोन्ही पाय जमिनीवर टेकून उभे राहिल्यावर वरची दांडी आणि अंग यांत चार-पाच बोटे तरी जागा हवी. निसरड्या वाटेवर अचानक उतरावे लागते तेव्हा तीच वाचवते. उंची वाढली, तर सीटचा दांडा वर घेता येतो. त्यावर कोरलेली मर्यादेची खूण दिसू लागेपर्यंत वर घेऊ नये, नाहीतर दांडा नळीत मोडतो. पायडल तळाशी असताना गुडघा किंचित वाकलेला राहिला, म्हणजे उंची बरोबर.