नकार कळवण्याआधी

त्रिमूर्तीनगर, नागपूर

चि. गुड्डी हीस,


परवा बर्डीवर तुझी काकू भेटली. भर रस्त्यात म्हणाली, "भाऊजी, तुमची भाची सरकारी नोकरीला नाही म्हणून राहिली म्हणे! बरंच झालं. छप्पन्न हजारांत मुंबईत काय होते?" मी तिथे काही बोललो नाही. घरी येऊन तुझ्या आईला फोन लावला, तर ती म्हणाली, "दादा, बंगळूरूचे सॉफ्टवेअरवाले वर्षाला बावीस लाख देतात, तिचं तिला ठरवू द्या." म्हणजे बातमी खरी आहे. ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्राच्या ट्रेनिंग स्कूलचं पत्र हातात आहे आणि तू नकार कळवायच्या बेतात आहेस.

नोकरी नाकारायचा तुला हक्क आहे, त्याचा मला राग नाही. राग याचा आहे की छप्पन्न हजारांचा आकडा साऱ्या घरात फिरतो आहे आणि तू, व्हीएनआयटीतून मेकॅनिकल करून गेटमध्ये इतके चांगले गुण आणलेली मुलगी, तो एकदाही कुणाला दुरुस्त करून सांगितला नाहीस. की तुलाच तो खरा वाटतो?

मग माझ्याकडून ऐक. ५६,१०० हा लेव्हल दहाचा मूळ पगार आहे, सायंटिफिक ऑफिसर 'सी'चा. त्यावर महागाई भत्ता येतो. जुलै २०२५ पासूनचा ५८ टक्के धरला, तर ३२,५३८ झाले. मुंबईत सरकारी क्वार्टर घेतलं नाहीस, तर घरभाडं मूळ पगाराच्या ३० टक्के, म्हणजे १६,८३०. प्रवासभत्ता ७,२०० आणि त्यावर पुन्हा महागाई भत्ता, म्हणजे ११,३७६. बेरीज कर. १,१६,८४४ येते. अणुऊर्जा विभागाचा कामगिरीवरचा प्रोत्साहन भत्ता आणि प्रोफेशनल अपडेटचा भत्ता यात धरलेले नाहीत. मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून जे होतं, त्याच्या दहा टक्के तुझे पेन्शनमध्ये जातील आणि सरकार स्वतःचे चौदा टक्के त्यात टाकेल. म्हणजे हातात जरा कमी येईल, पण ते पैसे तुझ्याच नावावर राहतील. वर्षाचे ढोबळ चौदा लाख होतात. पहिलं वर्ष ट्रेनिंगचं, त्यात पगाराऐवजी विद्यावेतन. अलीकडच्या जाहिरातीत ते महिना ७४,००० होतं.

बंगळूरूच्या बावीस लाखांचीही अशीच फोड कर. त्यात जॉइनिंग बोनस किती, जो दुसऱ्या वर्षी मिळणार नाही? शेअर किती, आणि ते किती वर्षांत हाती येणार? व्हेरिएबल किती? कंपनीच्या वाट्याचा पीएफ आणि ग्रॅच्युइटीसुद्धा त्याच आकड्यात धरली आहे का? हे सगळं काढूनही बंगळूरूचे पैसे जास्तच राहतील. ते मी लपवत नाही. पण काकूने सांगितली तेवढी ती दरी नाही. तुझ्यासारख्या मुलीने दरी मोजून मग उडी मारावी किंवा मारू नये.

आपल्या सॉफ्टवेअरवाल्या पिंट्याने तुला अमेरिकेतल्या या कामाच्या पगाराचा आकडा दाखवला, तेही कळलं. तिथे न्यूक्लिअर इंजिनिअरचा मधला पगार २०२३ साली वर्षाला सव्वा लाख डॉलरच्या आसपास होता, हे खरं आहे. पण राष्ट्रीय प्रयोगशाळा आणि आरमाराची कामं बहुतेक त्यांच्याच नागरिकांना मिळतात. परक्या देशाच्या माणसाच्या हाती अणुतंत्रज्ञान देण्यावर तिथे वेगळे निर्बंध आहेत. पिंट्या सॉफ्टवेअरमध्ये गेला तो रस्ता वेगळा. या विषयात तसा सरळ रस्ता नाही.

आपल्याकडे या कामाचा पगार असा का, त्याचं कारण तुला कुणी सांगितलं नसेल. १९६२ च्या कायद्याने अणुभट्टी चालवणं सरकारच्या हाती ठेवलं. मालक एकच, म्हणून भाव करायला बाजारच नव्हता. तू मेकॅनिकलची की केमिकलची, बोलण्यात चतुर की अबोल, यावर मूळ पगार ठरत नाही, लेव्हलवर ठरतो. फरक पडतो तो नेमणुकीच्या गावाने, क्वार्टर मिळालं की नाही त्याने, आणि वीजकेंद्रात असलीस तर कंट्रोल रूमच्या परवान्याने. तिथे पॅनलवर बसायचं तर परीक्षा देऊन परवाना मिळवावा लागतो, रात्रपाळ्या कराव्या लागतात. बढतीची गोष्ट मात्र चांगली आहे. वरची जागा रिकामी व्हायची वाट बघावी लागत नाही, काम बघून मुलाखत होते. 'डी'ला मूळ पगार ६७,७०० पासून, 'ई'ला ७८,८००, आणि 'एफ'ला एकदम १,२३,१००. माझ्या पिढीतल्या कितीतरी इंजिनिअरांनी वरचा साहेब निवृत्त होईपर्यंत खुर्च्या मोजल्या आहेत. त्यांना हे सांगितलं तर विश्वास बसणार नाही.

आणि तो एकाच मालकाचा काळही सरतो आहे. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने नवा कायदा करून खासगी कंपन्यांना दार उघडलं. २०४७ पर्यंत १०० गिगावॅटचं उद्दिष्ट आहे आणि आज आपण दहाच्याही आत आहोत. ती केंद्रं बांधायला आणि चालवायला शिकलेली माणसं लागतील. तेव्हा पगार किती वाढतील, याची हमी मी देत नाही. पण ट्रॉम्बेत शिकलेल्या माणसाला कुणी दारातून परत पाठवणार नाही, एवढं मी वीजकेंद्रात आयुष्य काढून सांगू शकतो.

पण बेटा, खरी काळजी पैशांची नाहीच. दिवाळीत पिंट्याने पॅकेज सांगितलं, सगळ्यांनी "वा वा" केलं, आणि तू ताटावरून अर्धवट उठलीस. मी समोरच बसलो होतो. तेव्हापासून मनात आहे की ही मुलगी लाजली. मेहनत करून मिळवलेल्या गोष्टीची हिला चारचौघांत लाज वाटली. तुला ते काम नको असेल, तर जाऊ नकोस. मुंबईची गर्दी नको असेल, तीन वर्षांचा बाँड नको असेल, तरी नको म्हण. पण पिंट्यापुढे आकडा छोटा दिसतो म्हणून नको म्हणत असशील, तर ते मला सहन होणार नाही. चार नातेवाईक ताटावर बसून काय म्हणतात, त्यावर तू सही करणार?

तुझ्या आईच्या डोक्यात दुसरंच आहे, तेही लिहून टाकतो. कुणीतरी तिच्या कानात घातलं आहे की तिथे काम केलेल्या मुलीचं लग्न जमत नाही, मुलांना त्रास होतो. तिला सांग, किंवा मीच सांगतो. १९८३ पासून अणुऊर्जा नियामक मंडळ आहे. कामगाराला किरणोत्साराची मर्यादा पाच वर्षांत मिळून १०० मिलिसिव्हर्ट, आणि कुठल्याही एका वर्षात ३० च्या वर नाही. प्रत्येकाच्या छातीवर बिल्ला असतो, तो ठरावीक काळाने मोजला जातो, नोंद राहते. बाई गरोदर आहे हे कळवल्यावर मर्यादा आणखी खाली येते. मी कोराडीच्या कोळशावरच्या वीजकेंद्रात बॉयलरच्या राखेत उभा राहिलो, माझ्या छातीवर कसलाही बिल्ला नव्हता. अणुशक्तीनगरच्या वसाहतीत पिढ्या वाढल्या, तिथे शाळा आहेत, दवाखाने आहेत, आणि लग्नंही होतात.

आता माझं ऐक. हे तुझ्या आईलाही पुरतं माहीत नाही, ती तेव्हा लहान होती. १९७४ साली पोखरणची अणुचाचणी झाली, तेव्हा मी व्हीआरसीईत होतो, म्हणजे तुझंच कॉलेज. होस्टेलवर रात्रभर कुणी झोपलं नाही. पुढे पास झाल्यावर मला ट्रॉम्बेचं मुलाखतीचं बोलावणं आलं. तुझ्या आजोबांनी पत्र वाचलं, घडी घातली आणि विचारलं, "पगार किती?" मी सांगितला. वीज मंडळाचा त्याहून फार वेगळा नव्हता, आणि कोराडी घरापासून जवळ. दोन बहिणींची लग्नं व्हायची होती. त्या रात्री पगाराचं बोलणं झालं, खानावळीच्या खर्चाचं झालं, मुंबईच्या भाड्याचं झालं. काम काय आहे, हे कुणी विचारलं नाही. आजोबांचं चुकलं असं मी आजही म्हणत नाही. त्यांच्या खांद्यावर जे होतं, ते मी पाहिलं आहे.

कोराडीनेही मला खूप दिलं. पहिले संच नुकतेच सुरू झाले होते, आम्ही पोरं रात्ररात्र टर्बाइनच्या आवाजात उभी असायचो. पण पुढे एकदा तारापूरला जाणं झालं. १९६९ पासून चालणारं ते केंद्र. तिथला टर्बाइन हॉल मला घरासारखा वाटला. आवाज तोच, कंडेन्सर तेच. भिंतीपलीकडे भट्टी होती, तिकडे मला जाता येत नव्हतं. बरोबरच्या इंजिनिअरला मी इतके प्रश्न विचारले की तो म्हणाला, "साहेब, तुम्ही आमच्याकडेच यायला पाहिजे होतं." परतीच्या गाडीत मी कुणाशी बोललो नाही.

म्हणून मला ती दिवाळी सोसवली नाही. आमच्या घरात पुन्हा एकदा फक्त पगाराचं बोलणं झालं.

कागल तालुक्यातल्या कसबा सांगावचे शिवराम भोजे पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजातून मेकॅनिकल होऊन ट्रॉम्बेला गेले आणि पुढे कल्पाक्कमच्या केंद्राचे संचालक झाले. अनिल काकोडकर व्हीजेटीआयचे, तेही मेकॅनिकलच. कुणी 'न्यूक्लिअर' शिकून गेलं नव्हतं. तुझ्याकडे जी पदवी आहे, तीच त्यांच्याकडे होती. तू काकोडकर व्हावंस म्हणून हे सांगत नाही. त्या दारातून तुझ्यासारखीच मुलं आत गेली, एवढंच तुला कळावं.

फार बोललो. तू हे वाचून रडशील, याची मला भीती आहे. तू लहानपणापासून मामाच्या आवाजाला रडतेस. पाचवीत असताना उन्हाळ्यात कूलरचा पंप उघडून बसली होतीस, आठवतं? घरात सगळे घामाने भिजलेले, तुझी आई ओरडते आहे, आणि तू म्हणालीस, "मामा, पाणी वर चढतं कसं ते कळल्याशिवाय मी बंद करणार नाही." मी तेव्हा तुझ्या आईलाच गप्प केलं होतं. आजही करीन. बंगळूरूला गेलीस तर तिथेही असंच काहीतरी उघडून बसशील, हे मला ठाऊक आहे. सॉफ्टवेअरचं काम कमी दर्जाचं आहे असं मी मानत नाही.

म्हणून हट्ट कशाचाच नाही. ट्रॉम्बेला गेलीस तर सामान पोचवायला मी येतो, गुडघे दुखले तरी येतो. बंगळूरूला गेलीस तरी येतो. काकूला काय सांगायचं ते मी बघून घेतो, आणि तुझ्या आईची समजूतही माझ्यावर सोड. पैशांची घरात काही अडचण असेल आणि त्यासाठी तुला लवकर जास्त कमवायचं असेल, तर ते मला आधी सांग. माझी पेन्शन मला एकट्याला जास्तच होते.

एवढंच कर, नकार अजून पाठवू नकोस. पत्रावरची मुदत काय आहे ते बघ, दोन्ही पगारांची फोड एका कागदावर लिही आणि मला फोन लाव. रात्री दहापर्यंत मी जागाच असतो.

तुझा,
मोठा मामा