एक ‘पाहणे’, इंग्रजीत किती?



‘पाहणे’ याला इंग्रजीत काय म्हणतात, असे गुरुजींनी विचारले की निम्मा वर्ग ‘सी’ म्हणून ओरडतो आणि निम्मा ‘लुक’ म्हणून. उत्तर दोघांचेही बरोबर, पण अर्धेच. समानार्थी शब्द हे एका घरातल्या भावंडांसारखे असतात. चेहरे मिळतात, पण स्वभाव निराळे. हे स्वभाव ओळखता आले की इंग्रजी सोपे जाते. चला तर, एकेकाची ओळख करून घेऊ.

(१) सी : म्हणजे दिसणे. डोळे उघडे असले की समोरचे आपोआप दिसते. ‘आय सी अ बर्ड’ म्हणजे मला पक्षी दिसतो. मराठीत आपण ‘दिसत आहे’ म्हणतो, म्हणून पुष्कळ मुले ‘आय ॲम सीइंग अ बर्ड’ असे लिहितात. ते चूक आहे. ‘आय कॅन सी अ बर्ड’ असे लिहावे. नुसते ‘आय सी’ म्हटले तर त्याचा अर्थ ‘अस्सं होय, कळलं!’ असाही होतो.

(२) लुक : म्हणजे मुद्दाम नजर वळवून बघणे. कशाकडे बघायचे ते सांगताना पुढे ‘ॲट’ लावतात. ‘लुक ॲट द बोर्ड’ म्हणजे फळ्याकडे बघ. मात्र शेपटी बदलली की अर्थ बदलतो. ‘लुक फॉर’ म्हणजे शोधणे आणि ‘लुक आफ्टर’ म्हणजे सांभाळणे. शेळी हरवली तर ‘लुक फॉर’, सापडली की ‘लुक आफ्टर’!

(३) वॉच : म्हणजे लक्ष ठेवून बघत राहणे. कबड्डीचा सामना आपण ‘वॉच’ करतो, कारण तिथे दर क्षणाला काहीतरी घडत असते. जागे राहणे या अर्थाच्या ‘वेक’ या इंग्रजी शब्दाशी याचे जुने नाते आहे. म्हणून रात्री जागून राखण करणारा तो वॉचमन. आई विहिरीवर धुणे धुताना ‘बाळाकडे बघ गं’ म्हणते, तेव्हा तिला ‘वॉच’ म्हणायचे असते. नुसते ‘सी’ करून तिथे भागत नाही.

(४) ग्लान्स : ओझरती नजर टाकणे. जाता जाता घड्याळाकडे बघतो ना, तसे.

(५) स्टेअर : टक लावून बघणे. अनोळखी माणसाकडे असे बघत राहणे उद्धटपणाचे समजतात.

(६) गेझ : हेही एकटक बघणेच, पण यात कौतुक असते किंवा मन हरवलेले असते. चांदण्या रात्री अंगणात पडून आकाशाकडे बघतो ते ‘गेझ’.

(७) ग्लेअर : रागाने डोळे वटारून बघणे. याचा अनुभव सर्वांना आहे, उदाहरण नको!

(८) पीप : फटीतून, दाराआडून हळूच डोकावणे. पाहुणे आले की लहान मुले करतात ते.

(९) पीअर : नीट दिसत नाही म्हणून डोळे बारीक करून, मान पुढे काढून बघणे.

आता मुद्द्याची गोष्ट. ‘लुक’ आणि ‘सी’ यांत फरक आहे, तसाच तो आपल्या बोलण्यातही आहे. ‘बघितलं, पण दिसलं नाही’ असे आपण म्हणतोच की! मागच्या बाकावरच्या मुलाला ‘फळ्याकडे बघ’ म्हटले तर तो बघतो. पण त्याला अक्षरे दिसतात का? तो ‘लुक’ करतो, पण ‘सी’ होत नाही. मग तो ‘पीअर’ करू लागतो. डोळे बारीक केले की उजेड अरुंद फटीतून आत जातो आणि अंधुक अक्षर थोडे स्पष्ट होते. मग तो शेजाऱ्याच्या वहीत बघून उतरवून घेतो. आपण मात्र त्याला कामचुकार नाहीतर ‘ढ’ म्हणून मोकळे होतो. शब्द चुकला की माणूसही चुकीचा ओळखला जातो.

पालक मंडळींनाही एक विनंती. आपले मूल पुस्तक नाकाशी धरून वाचते का? डोळे बारीक करते का? वाचताना डोके दुखते म्हणते का? तसे असेल तर रागावू नका, डोळे तपासून घ्या. ६ मीटरवरून अक्षरांचा तक्ता वाचायला लावतात. असा तक्ता हॉलंडचे डॉक्टर स्नेलेन यांनी १८६२ साली तयार केला. आपल्या देशात १९७६ साली अंधत्व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. शाळेतील मुलांची नेत्रतपासणी हा त्याचाच भाग असून गरजू मुलांना मोफत चष्मा देण्याची सोयही त्यात आहे. चष्मा लावल्याने नंबर वाढतो, ही समजूत खोटी आहे. आणि चष्मा लावणाऱ्या मुलाला ‘चष्मिस’ म्हणून कुणी चिडवू नये.

अशा वेळी इंग्रजीत म्हणतात, ‘सी अ डॉक्टर’. म्हणजे डॉक्टरांना लांबून बघून यायचे असे नाही हं! त्यांच्याकडून तपासून घ्यायचे. ‘सी’चा हा आणखी एक अर्थ.

स्वाध्याय : कोणता शब्द वापराल?
(अ) बस आली का म्हणून चटकन रस्त्याकडे नजर टाकली.
(आ) पाखरे येऊ नयेत म्हणून आजोबा दिवसभर पिकावर लक्ष ठेवून होते.
(इ) धुक्यातून समोरची पाटी वाचायचा ड्रायव्हरने प्रयत्न केला.
(ई) हरवलेली पेन्सिल मी दप्तरभर धुंडाळली.

उत्तरे : (अ) ग्लान्स (आ) वॉच (इ) पीअर (ई) लुक फॉर.

चारही बरोबर आली? शाब्बास! आता आपल्या मराठीत ‘पाहणे’ला किती भावंडे आहेत ती शोधा. न्याहाळणे, निरखणे, डोकावणे ही तीन आम्ही दिली. पुढची तुम्ही वहीत लिहा आणि घरी आजीलाही विचारा. तिच्याकडे आपल्यापेक्षा जास्त सापडतील.