सदाफुली, उंदराचा पंजा आणि वर्गातलं मूल

अंगणातल्या सदाफुलीपासून व्हिन्क्रिस्टीन हे औषध मिळतं. (म्हणून पानं चावायला जाऊ नका, झाड विषारी आहे!) मुलांच्या रक्ताच्या कर्करोगावर ते आजही वापरतात. पेशीतल्या सूक्ष्मनलिका ते नीट जुळू देत नाही, त्यामुळे कर्करोगाची पेशी विभागत नाही. पण याच नलिकांवरून मज्जातंतूंमधली मालवाहतूक चालते. सर्वांत लांब तंतूंना आधी फटका बसतो. म्हणून हातापायांच्या बोटांत मुंग्या, जळजळ, बधिरपणा.

अभ्यासासाठी उंदरांना औषध देतात आणि जाळीखालून नायलॉनचा बारीक तंतू पंजाला टेकवतात. एरवी ज्या स्पर्शाची उंदीर दखलही घेत नाही, त्याला तो पाय झटकतो. ‘बधिर वाटतंय’ हे मात्र त्याला सांगता येत नाही. शिवाय बऱ्याच प्रयोगांत उंदराला कर्करोगच नसतो. उंदरांत आशादायक ठरलेलं ॲसिटिल-एल-कार्निटिन स्तनाच्या कर्करोगाच्या ४०९ रुग्ण स्त्रियांवर तपासलं. २०१३ साली निकाल आला, त्रास उलट वाढला होता.

मूल सांगू शकतं, विचारलं तर. उपचारांनंतर शाळेत परतलेल्या मुलाचं अक्षर बिघडलं, बटणं लागेनात, पाऊल अडखळू लागलं, तर ‘आळशी झालाय’ म्हणण्याआधी पालकांशी बोला; डॉक्टरांपर्यंत हे पोचायला हवं.