इंजिनिअरच व्हायचंय, तर अकरावी कशाला?

दहावीचा निकाल लागला की मुखेड, किनवट, अहमदपूर, उदगीरहून फोन सुरू होतात आणि प्रश्न दरवर्षी तोच असतो : "सर, लेकराला इंजिनिअर करायचंय. अकरावीला लातूरला ठेवू की नांदेडला?" मी विचारतो, "इंजिनिअरच करायचं, हे पक्कं आहे?" पक्कं असतं. "मग अकरावी कशाला?" यावर उत्तर येत नाही, कारण हा प्रश्न त्या घरात कोणी काढलेलाच नसतो.

लातूर पॅटर्नने या भागाला खूप दिलं. राजर्षी शाहू, दयानंद या महाविद्यालयांनी खेड्यापाड्यांतली मुलं बोर्डाच्या गुणवत्ता यादीत नेली, याचा मला अभिमान आहे. पण त्या यशाच्या मागे जी धावाधाव लागली, तिच्यात मुलाचं नाव एका कॉलेजात असतं, तो दिवसभर बसतो क्लासमध्ये, आणि प्रयोगशाळा बघतो ती प्रात्यक्षिक परीक्षेच्या तोंडावर. इंजिनिअर होऊ पाहणाऱ्या मुलाने सोळा ते अठरा या वयात एकही यंत्र उघडून पाहू नये, हे मला पटत नाही.

म्हणून सांगतो, दहावीनंतर तंत्रनिकेतनात जा. तीन वर्षांची पदविका, म्हणजे डिप्लोमा. प्रवेश दहावीच्या गुणांवर, वेगळी प्रवेश परीक्षा नाही. नांदेडला शासकीय तंत्रनिकेतन आहे, लातूरला पुरणमल लाहोटी शासकीय तंत्रनिकेतन आहे. पहिल्याच वर्षी गणित आणि विज्ञानाच्या जोडीला इंजिनिअरिंग ड्रॉइंग आणि वर्कशॉप असतं. मूल हातात कानस धरतं, जॉब, म्हणजे हातातला धातूचा तुकडा, मापात बसेपर्यंत घासतं. नंतर प्रत्यक्ष कंपनीत किंवा साइटवर प्रशिक्षण होतं.

"पण वर्षं जास्त जातील ना?" नाही जात. अकरावी-बारावीची दोन आणि पदवीची चार, अशी सहा. डिप्लोमाची तीन आणि थेट दुसऱ्या वर्षात प्रवेश घेऊन पदवीची तीन, तीही सहाच. फरक मधल्या टप्प्यावर दिसतो. घरी अडचण आली आणि शिक्षण थांबवावं लागलं, तर बारावी झालेल्या मुलाच्या हातात फक्त बारावीची गुणपत्रिका असते. डिप्लोमा झालेला मुलगा बांधकाम किंवा जलसंपदा विभागातल्या कनिष्ठ अभियंता पदाला अर्ज करू शकतो, रेल्वेच्या ज्युनिअर इंजिनिअरची परीक्षा देऊ शकतो. ज्या घराचं वर्षाचं गणित सोयाबीनच्या भावावर ठरतं, त्या घरासाठी हा फरक फार मोठा आहे.

हा रस्ता सगळ्यांसाठी नाही. आयआयटीचं वेड मुलाला स्वतःला असेल, किंवा इंजिनिअरिंग की मेडिकल हे ठरत नसेल, तर अकरावी विज्ञानच घ्या. डिप्लोमाचं गणित बारावीपेक्षा हलकं असतं, त्यामुळे थेट दुसऱ्या वर्षात गेलेली मुलं पहिल्या सत्रात गणितात अडखळतात. सुट्टीत अकरावी-बारावीचं कॅल्क्युलस करून घेतलं तर हे टळतं. थेट दुसऱ्या वर्षाचा प्रवेश डिप्लोमाच्या गुणांवर मिळतो आणि चांगल्या कॉलेजांत त्या जागा थोड्या असतात, म्हणून तीन वर्षं नेटाने अभ्यास लागतो. आणि वर्कशॉपला कुलूप असलेल्या खासगी तंत्रनिकेतनात पैसे घालू नका.

नेहमीच्या रस्त्याबद्दल थोडक्यात. बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, गणित आणि राज्याची सीईटी. २०० गुणांच्या त्या परीक्षेत १०० गुण एकट्या गणिताचे आहेत आणि चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत. नांदेडच्या विष्णुपुरीची श्री गुरु गोबिंद सिंघजी अभियांत्रिकी संस्था १९८१ पासून आपल्या दारात आहे. प्रवेशाच्या पसंती यादीत ती खाली ढकलून पुण्याच्या कुठल्याही कॉलेजला वर ठेवू नका.

शाखेबद्दल मात्र सविस्तर बोलायला हवं. सध्या प्रत्येकाला कॉम्प्युटर हवं, त्यातही नावात एआय असलेलं. का, असं विचारलं की "स्कोप आहे" एवढंच ऐकू येतं. ज्या लातूरला २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, जिथे ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीची दगडमातीची घरं माणसांवर कोसळली, तिथल्या पालकांनी सिव्हिलला कमी लेखावं याचं मला दुःख होतं. पाणी, रस्ते, भूकंपाला टिकणारी घरं ही कामं इथे कायम लागणार आहेत. लातूरला रेल्वेचे डबे बनवण्याचा कारखाना उभा राहिलाय. तिथे मेकॅनिकल, इलेक्ट्रिकल लागतं. इन्स्ट्रुमेंटेशनचं नाव काढलं की पालक दुसऱ्या शाखेकडे वळतात, खरं तर साखर कारखान्यापासून औषध कंपनीपर्यंत त्याचं काम आहे. मुलाला प्रोग्रॅमिंग आवडत असेल तर कॉम्प्युटर जरूर घ्या. शेजाऱ्याच्या मुलाने घेतलं म्हणून घेऊ नका.

आता पालकांशी स्पष्ट बोलतो. डिप्लोमाला नकार मुलाकडून फारसा येत नाही, तुमच्याकडून येतो. "पॉलिटेक्निक म्हणजे कमी मार्कवाल्यांचं", "पाहुणे काय म्हणतील" ही वाक्यं मी मुलांच्या तोंडून ऐकलेली नाहीत. नव्वद टक्क्यांचा मुलगा तंत्रनिकेतनात गेला तर त्याचे गुण वाया जात नाहीत. त्याला हवी ती शाखा शासकीय फीमध्ये मिळण्याची शक्यता वाढते. अकरावी-बारावीला मुलाला बाहेर ठेवून फी, होस्टेल आणि मेसचे पैसे कर्ज काढून भरता आणि दर रविवारी फोनवर टेस्टचे मार्क विचारता, तेव्हा त्या मुलाला कर्जाचा आकडाही ऐकू येत असतो. तो जेवला का, झोपतो किती, हे विचारा. आणि "मला नको आहे" असं तो म्हणाला, तर त्याच महिन्यात त्याला घरी आणा. बारावीच्या निकालाची वाट पाहू नका.

तंत्रशिक्षण संचालनालयाचा ऑनलाइन अर्ज भरण्याआधी मुलाला घेऊन एकदा शासकीय तंत्रनिकेतनात जा. वर्कशॉप पाहा, अंतिम वर्षाच्या मुलांशी त्याला एकट्याला बोलू द्या. उत्पन्नाचा, अधिवासाचा, जातीचा दाखला आणि लागू असेल तर नॉन-क्रिमीलेअर ही कागदपत्रं निकालाच्या आधीच तहसीलमधून काढून ठेवा; जूनमध्ये तिथे रांग असते.